परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील एक गृहस्थ संध्याकाळी माझ्या घरी आले. चार वर्षांपूर्वीच या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली आहे. घरातले देव्हारे निघाले, उपासतापास गेले, मुले शाळेत नियमाने जाऊ लागली. गृहस्थांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. बसल्या बसल्या त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले,

"गुरुजी, तुम्ही सांगता, ग्रहताऱ्यांचा माणसावर परिणाम होत नाही. मग हे काय छापलंय? दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की आजूबाजूच्या ताऱ्यांवर परिणाम होतो, अन् त्याचा हेलकावा पार पृथ्वीपर्यंत येतो म्हणे. आता विज्ञानच असं म्हणायला लागलं, तर पत्रिका खोटी कशी?"

प्रश्न कात्रणाचा नव्हता, हे माझ्या ध्यानात आले. त्यांच्या थोरल्या मुलीला स्थळ आले होते. मुलाकडचे लोकही बौद्धच. परंतु त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या माणसाने हळूच मुलीची जन्मवेळ विचारून घेतली, कोणाला तरी दाखवली आणि 'मुलीला मंगळ आहे' असा निरोप धाडला. बाप गोंधळला होता. त्याला मंगळावर विश्वास ठेवायचा नव्हता. पण तो का ठेवू नये, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्यांना घाईघाईने काहीतरी सांगून वाटेला लावले. पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न माझ्या मनात राहिला. 'विज्ञान वेगळे आणि ज्योतिष वेगळे' एवढे म्हणणे म्हणजे उत्तर नव्हे. दोघेही आकाशाकडे बोट दाखवतात आणि दोघेही म्हणतात, 'तिथल्या गोष्टीचा परिणाम होतो.' मग फरक कुठे आहे? तो शोधायचा असेल तर आधी त्या कात्रणातील गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

सूर्याहून पुष्कळ जड असलेल्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. गाभा पुरेसा जड असेल तर ते कोसळणे कशानेच थांबत नाही आणि कृष्णविवर तयार होते. त्याच्या एका मर्यादेच्या आत गेलेला प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. याखेरीज बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी लाखो-कोटी सूर्यांच्या वजनाची राक्षसी कृष्णविवरे असतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. ते कोणी तराजूत घातले नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून ते मोजले. त्यांपैकी एक तारा सुमारे सोळा वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मधे काही दिसत नाही, पण तारा फिरतो. तो केवढ्या कक्षेत आणि केवढ्या वेगाने फिरतो यावरून मधल्या वस्तूचे वजन काढता येते. या कामाबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'डोळ्यांना दिसत नाही म्हणून खोटे' असे आपण कधीच म्हणत नाही. वारा दिसत नाही, ताप दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीने दिसणाऱ्या गोष्टीवर मोजता येईल अशी खूण सोडली पाहिजे, एवढीच आपली अट असते.

आता जोडीकडे वळू. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असली की त्यांच्या फिरण्याने अवकाशातच लहरी उठतात. तळ्यात काठी फिरवली की पाण्यावर लाटा पसरतात, तसे काहीसे. या गुरुत्वीय लहरी ऊर्जा घेऊन जातात, म्हणून जोडी जवळ जवळ येत जाते, अधिकाधिक वेगाने फिरते आणि शेवटी दोन्ही मिळून एक होतात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून १९१६ साली हे भाकीत निघाले होते. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी. अमेरिकेत लुइझियाना आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत, एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, 'लायगो' नावाची दोन यंत्रे आहेत. दोन्ही यंत्रांत सेकंदाच्या सुमारे सात हजारांश भागाच्या अंतराने एकच कंप नोंदला गेला. गणिताने कळले ते असे: सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची दोन कृष्णविवरे मिसळून ६२ सूर्यांच्या वजनाचे एक झाले. छत्तीस आणि एकोणतीस पासष्ट होतात. उरलेले तीन सूर्य गेले कुठे? ते लहरींच्या रूपाने निघून गेले. शेवटच्या क्षणी त्या जोडीतून बाहेर पडणारी ऊर्जा दृश्य विश्वातील सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या सुमारे पन्नासपट होती.

हे वाचून कोणालाही वाटेल, आसपासचे तारे जळून खाक झाले असतील. पण गणित निराळेच सांगते. गुरुत्वीय लहरी वस्तूतून आरपार जातात आणि वाटेत जवळजवळ काहीच सोडून जात नाहीत. ही घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर घडली. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत तिच्यामुळे पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. अंतर निम्मे केले तर हा फरक दुप्पट होतो. तेव्हा समजा, पृथ्वीपासून सूर्य जितका दूर आहे तितक्याच अंतरावर एक माणूस त्या जोडीजवळ उभा आहे. केवळ या लहरींनी त्याच्या उंचीत किती फरक पडेल? डोक्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका! तारे बुडवणारी लाट नव्हे ही. तारे किंचित थरथरवणारी लाट आहे.

तरीही एक अपवाद संभवतो, आणि तो मोठा मनोरंजक आहे. शाळेत आम्ही दोन सारखे नादकाटे घेतो. एक वाजवला की शेजारचा, हात न लावता, आपोआप वाजू लागतो. काटे वेगवेगळ्या कंप्रतेचे असतील तर तसे होत नाही. याला अनुनाद म्हणतात. तारेदेखील घंटेसारखे कंप पावत असतात. आपल्या सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच पाच मिनिटांनी खालीवर होतो. लहान कृष्णविवरांच्या लहरी सेकंदाला शेकडो वेळा कंप पावतात, त्यामुळे त्यांचे आणि ताऱ्यांचे सूर जुळत नाहीत. परंतु लाखो सूर्यांच्या वजनाची जोडी मिसळताना तिच्या शेवटच्या लहरींचा एकेक कंप काही मिनिटांचा असतो. येथे सूर जुळू शकतो. जुळला तर तारा त्या लहरीतील थोडी ऊर्जा शोषील, तापेल आणि काही काळ अधिक उजळेल, अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडली. जोडीची कंप्रता वाढत जाते, त्यामुळे आधी सावकाश कंप पावणारे जड तारे उजळतील आणि मग हलके, असाही क्रम त्यांनी सांगितला. असे उजळणे अजून कोणी पाहिलेले नाही. पण 'काय दिसले तर आमचे म्हणणे खरे ठरेल' हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

ताऱ्यांवर खरा मोठा परिणाम होतो तो लहरींनी नव्हे, तर जोडीच्या फिरण्याने, आणि तोही मिसळण्यापूर्वी. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची मधली राक्षसी कृष्णविवरे हळूहळू मध्याकडे सरकतात आणि त्यांची जोडी जमते. या जोडीच्या जवळून एखादा तारा गेला की गोफणीतून दगड सुटावा तसा तो बाहेर फेकला जातो. ताऱ्याला जो वेग मिळतो त्याची किंमत जोडी चुकती करते: तिची ऊर्जा तेवढी कमी होते आणि ती किंचित जवळ येते. पुन्हा एक तारा, पुन्हा एक पाऊल. असे करता करता जोडीच्या स्वतःच्या वजनाच्या तोलाचे तारे फेकले जातात. बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस या तिघांनी १९८० साली हा सगळा प्रवास मांडला, आणि त्यात एक अडचणही दाखवली. जवळ येऊ शकणारे तारे संपले तर जोडी तीनेक प्रकाशवर्षांच्या अंतरावर अडकून पडेल. तेवढ्या अंतरावर लहरी फार क्षीण असतात, त्यांच्याने काम पुरे होत नाही. या अडचणीवर शास्त्रज्ञ आजही विचार करतात.

याची खूण सापडते काय? सापडते. सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवर 'एनजीसी १६००' नावाची दीर्घिका आहे. तिच्या मध्यावर सुमारे १७०० कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर असल्याचे २०१६ साली जाहीर झाले. दीर्घिकेच्या मध्याशी ताऱ्यांची दाटी असावी अशी अपेक्षा. पण येथे मधला भाग विरळ आहे. जे तारे उरले आहेत तेही बहुतांशी मध्याला वळसा घालून फिरणारे. थेट मध्याकडे झेपावणारे थोडे. तसे जाणारे फेकले गेले असावेत. खळ्यावर धान्य उरले नाही तरी भुसा पाहून मळणी झाल्याचे कळते, तसेच हे.

आणखी दोन परिणाम थोडक्यात सांगतो. मिसळताना वजन घटते, म्हणून भोवती फिरणाऱ्या वस्तूंवरील पकड थोडी सैल होते. ६५ चे ६२ झाले तर गोल कक्षेत फिरणारा तारा निसटून जात नाही; त्याची कक्षा सुमारे पाच टक्क्यांनी मोठी आणि किंचित लांबट होते. दुसरे असे की लहरी सगळ्या बाजूंना सारख्या जात नसतील, तर बंदुकीला बसतो तसा नव्या कृष्णविवराला उलटा धक्का बसतो. हा धक्का काही वेळा सेकंदाला काही हजार किलोमीटर इतका असू शकतो, असे २००७ च्या सुमारास संगणकावरील गणितांतून निघाले. तसे झाल्यास कृष्णविवर दीर्घिकेच्या मध्यातून निघून जाईल. अगदी निकट फिरणारे तारे त्याच्याबरोबर जातील. बाकीचे मागे राहतील.

हे काम परदेशातच चालते असे कोणी समजू नये. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर यांनी अशा लहरी गोंगाटातून ओळखून काढण्याच्या गणितावर अनेक वर्षे काम केले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोसारखे यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. नारायणगावजवळील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ठरल्या ठेक्यावर रेडिओ-ठोके देणारे स्पंदक तारे तिने वर्षानुवर्षे मोजले. त्या ठोक्यांत सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका पुढेमागेपणा आढळतो. बहुधा दूरदूरच्या राक्षसी जोड्यांच्या लहरींनी तो पडतो, असा पुरावा जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी जाहीर केला. त्यांत खोडदच्या मोजणीवर काम करणारा भारतीय गटही होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कात्रणात 'परिणाम होतो' असे लिहिले होते आणि पत्रिका पाहणाराही 'परिणाम होतो' असेच म्हणतो. शब्द एक आहे, पण त्यामागचा व्यवहार एक नाही. परिणाम सांगणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न: कोणत्या वाटेने? वरची प्रत्येक गोष्ट पाहा. लहर आली, गोफण झाली, पकड सैल झाली, धक्का बसला. कारणापासून कार्यापर्यंत पायवाट आहे आणि त्या वाटेवर कुठेही उडी नाही. मंगळापासून मुलीच्या संसारापर्यंतची वाट कोणी दाखवली आहे? गुरुत्वाकर्षण म्हणाल, तर तेही मोजून पाहा. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला असताना नवजात बाळावर त्याची जितकी ओढ असते, साधारण तितकीच ओढ अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या सुईणीच्या शरीराची असते. एरवी मंगळ दूर असतो, तेव्हा सुईणच वरचढ! मग पत्रिकेत सुईणीचे घर का मांडत नाहीत?

दुसरा प्रश्न: किती? शास्त्रज्ञ 'मोठा परिणाम' म्हणून थांबत नाहीत. तीन सूर्य, पाच टक्के, प्रोटॉनचा अंश असे आकडे देतात. आणि पुष्कळदा आकडा असे सांगतो की परिणाम आहे, पण नगण्य आहे. 'नगण्य' म्हणण्याचे धैर्य ज्योतिषापाशी नाही, कारण नगण्य परिणामाची शांत करायला कोणी दक्षिणा देत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: काय घडले तर तुम्ही चुकलात असे कबूल कराल? जोसेफ वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ साली जाहीर केले की मोठ्या अॅल्युमिनियमच्या दंडगोलांच्या कंपनांतून आपल्याला गुरुत्वीय लहरी सापडल्या. इतरांनी तशीच यंत्रे बांधली, पण त्यांना काही मिळाले नाही, म्हणून ते म्हणणे मान्य झाले नाही. माणूस कष्टाळू होता, त्याने दाखवलेली दिशाही मोलाची होती, तरी सूट मिळाली नाही. पुढे २०१५ साली खरा कंप मिळाला तेव्हा लायगोच्या लोकांनी तो जाहीर करण्यापूर्वी सुमारे पाच महिने तपासला. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितले. पत्रिका जुळवून केलेले लग्न मोडले, तर पत्रिका पाहणाऱ्याने चूक कबूल करून शास्त्र बदलल्याचे कोणी ऐकले आहे काय?

कोणी म्हणेल, एवढा खल कशाला? ज्याचा विश्वास त्याच्यापाशी. परंतु हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही, नीतीचा आहे. 'याच्यामुळे ते झाले' असे म्हणणे म्हणजे आरोप ठेवणे होय. कृष्णविवरावर खोटा आरोप ठेवला तर कृष्णविवराचे काही बिघडत नाही. मुलीवर ठेवला तर मुलीचे आयुष्य बिघडते. तुझ्या जन्मवेळी अमुक ग्रह अमुक ठिकाणी होता, म्हणून तुझ्या नवऱ्याच्या जिवाला धोका, असे तिला सांगितले जाते. तिने काय केले, कशी वागली, काय शिकली याचा विचारच नाही. जन्म हाच गुन्हा आणि जन्म हाच पुरावा!

वाचकहो, ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच ऐकली. तुम्ही असे का जगता, तर तुमचा जन्मच तसा. जन्म तसा का, तर मागल्या जन्मीचे काहीतरी. वाट दाखवायची नाही, माप सांगायचे नाही, तपासायला द्यायचे नाही, आणि शिक्षा मात्र रोजची. ज्या खोट्या कार्यकारणभावाने आपल्याला गावाबाहेर ठेवले, तोच आपण आपल्या लेकींच्या बाबतीत चालवला, तर आपण नाव बदलले, जागा बदलली नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकतो. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, एवढा त्याचा सरळ अर्थ. म्हणून 'हे' खरोखर आहे काय आणि 'ते' खरोखर त्यानेच होते काय, हे तपासणे आपल्यावर बंधनकारक ठरते.

जोडीच्या आणि ताऱ्यांच्या गोष्टीतून मला आणखी एक कळले. परिणाम कधी एकाच बाजूने होत नाही. राक्षसी जोडी ताऱ्याला फेकते हे खरे, पण फेकले जाणारे तारे नसते तर जोडी जवळही आली नसती. लहानाचाही मोठ्यावर परिणाम होतो. ग्रह वर बसून हुकूम सोडतात आणि माणूस खाली निमूट सोसतो, असली एकतर्फी सत्ता निसर्गात कुठे आढळत नाही. ती माणसाच्या समाजातून उचलून आकाशात नेऊन ठेवलेली आहे.

लिहिता लिहिता स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. भौतिकशास्त्र शिकून आलो त्याच वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आमचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले. पण तारीख ठरवण्यापूर्वी घरातल्यांनी चोरून मुहूर्त पाहिला होता. मला ते ठाऊक होते. एवढ्याशा गोष्टीवरून घरात वाद नको, म्हणून मी गप्प बसलो. आज वाटते, नादकाट्याचा प्रयोग मुलांना करून दाखवणे सोपे होते. आईसमोर बसून 'आई, हे कोणत्या वाटेने होतं ते मला सांग' एवढे विचारणे कठीण होते, आणि तेच माझ्या शिक्षणाचे खरे काम होते. त्या संध्याकाळी त्या गृहस्थांनाही मी घाईने वाटेला लावले, ते याच सवयीमुळे.

काही दिवसांनी मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. वर लिहिलेले सगळे, जमेल तितक्या सोप्या भाषेत, चहाच्या कपाबरोबर सांगितले. ते म्हणाले, "मुलाकडच्यांना बी हे तीन प्रश्न विचारतो." त्यांनी विचारले. उत्तर आले नाही, आणि स्थळही परत आले नाही. दाराशी उभी राहून सगळे ऐकणाऱ्या मुलीने मला एकच विचारले होते, "सर, यात माझी चूक कोणती?" मी म्हणालो, "काही नाही, बाई. तुझी चूक आहे असं म्हणणाऱ्यानं ती दाखवायची असते."

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या घरात उद्या कोणी 'अमक्याचा परिणाम होतो' असे म्हणाले, मग तो ज्योतिषी असो, वर्तमानपत्र असो, की माझ्यासारखा शाळामास्तर असो, त्याला बसायला द्या, पाणी द्या आणि तीन प्रश्न विचारा: कोणत्या वाटेने? किती? आणि काय दिसले तर तुम्ही चूक कबूल कराल? उत्तर मिळाले तर ते मान्य करा, मग ते कितीही नवलाचे असो. नाही मिळाले, तर त्यापायी आपल्या लेकीची मान खाली जाऊ देऊ नका.